व्याह्यांचं हेरखातं

रोहा, ५ जून १९९९

दिनानाथराव, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. तुमची सून ठणठणीत आहे. सातवा लागलाय, चिंचा खाऊन झाल्या, आता माझं डोकं खातेय. आमचा फोन बैठकीच्या खोलीत आणि प्रणिता दिवसभर त्याच्याच शेजारी, म्हणून व्याह्यांना पत्र लिहायची पाळी आली.

विषय तुमच्या चिरंजिवांचा, म्हणजे आमच्या जावयाचा. धोंड्याचा महिना संपत आला. लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना आणि जावई पलटणीत. आमची सौ. विमल म्हणते, जावयाला तेहतीस अनारसे गेलेच पाहिजेत, मग तो कुठेही असो. आता कुठेही म्हणजे नक्की कुठे? पत्ता विचारावा तर '५६ एपीओ', म्हणजे नुसतं लष्कराचं टपाल, गावाचं नाव नाही. प्रणिताला तो सांगतो, शांत ठिकाणी ऑफिसचं काम आहे. टीव्ही लावावा तर कारगिल पेटलंय. तुम्ही बाप आहात, तुम्हाला खरं ठाऊक असणार. मला सांगा. प्रणिताला कळू देणार नाही. तिचं बीपी वर जातंय आणि डॉक्टरीणबाईंनी काळजी करायची नाही अशी तंबी दिलीय.

नाही सांगितलंत तरी मी शोधून काढीन. इथे स्टेशनजवळ विशालच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये इंटरनेट आलंय. धाटावच्या कंपनीत उभा जन्म काढला. मीटरचा काटा बघून टाकीच्या पोटात काय शिजतंय ते ओळखायचो. इथे तर जगभरातले पेपर उघडे पडलेत. काही चोरायला नको की कुणाच्या पाया पडायला नको. नुसतं वाचायचं आणि जोडायचं.

उत्तर घरी नको, विशालच्या क्लासच्या पत्त्यावर पाठवा. पाकिटावर 'गणपतीच्या ऑर्डरबाबत' असं लिहा, म्हणजे कुणाला संशय यायला नको.

तुमचा,
महिपती


पेण, १० जून १९९९

महिपतराव,

लिहिलं बाबा पाकिटावर. मूर्तीच्या कारखानदाराने याहून वेगळं काय लिहायचं?

इकडे हंगाम डोक्यावर बसलाय. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, गणपतींच्या मांडीला मांडी लावून गणपती बसलेत. यंदा प्रत्येक मंडळाला कारगिलचा देखावा हवाय. तुमच्या रोह्याचं एक मंडळ म्हणतं, गणपतीला लष्करी पँट घाला. मी विचारलं, त्या पोटाला पट्टा कोण पुरवणार, तुम्ही की सरकार?

आदेशचं म्हणाल तर तो जबलपूरला आहे, कपड्यांच्या गोदामात. मोजे मोजतो. लाज वाटते म्हणून बायकोला 'ऑफिस' सांगत असेल. तुम्ही निवांत झोपा. अनारसे खुशाल पाठवा. विहीणबाईंचे अनारसे मी साखरपुड्याला खाल्लेत. माझी एक दाढ त्यात गेली, पण मी बोललो नाही. ते सैन्याकडे चाललेत हे एका परीने योग्यच आहे.

बसलाच आहात त्या पेटीसमोर, तर मोठ्या तोफेचं एखादं चित्र मिळतं का बघा. मंडळाला तोफ पाहिजे आणि मी आजवर उंदरापेक्षा मोठं काही गणपतीच्या पायाशी ठेवलेलं नाही.

दिनानाथ


रोहा, २० जून १९९९

दिनानाथराव,

तोफेचे चार कागद सोबत. लांबी, नळीचा घेर, गोळा कुठवर जातो, सगळं एका परदेशी वेबसाइटवर फुकट आहे. तलाठ्याकडून सातबारा काढायला याच्यापेक्षा जास्त त्रास होतो.

आता तुमच्या जबलपूरकडे वळू. एक तर जबलपूरच्या डेपोला पिनकोडसकट साधा पत्ता आहे, तो इंटरनेटवर छापलेलाच आहे. ५६ एपीओ लागतो तो पुढे गेलेल्या पलटणींना. आणि गेल्या महिन्यात आदेश प्रणिताला फोनवर म्हणाला की इथली डाळ शिजता शिजत नाही, दाताखाली कडकड वाजते. ती हसून सांगत होती, मला हसू आलं नाही. मी बॉयलरवर काम केलेला माणूस. जितकं उंच जावं तितकं पाणी लवकर उकळतं आणि डाळ कच्चीच राहते. कुठल्या उंचीवर पाणी कितीला उकळतं याचा तक्ता एका अमेरिकन कॉलेजने लावून ठेवलाय. डाळ दाताखाली वाजते म्हणजे माणूस निदान दहा हजार फुटांवर आहे. जबलपूरला एवढा उंच डोंगर कधी उगवला ते कळवावं.

बाकीचं पेपरांतून जोडलं. एक पेपर पलटणीचं नाव गाळतो पण गाव छापतो, दुसरा गाव गाळतो पण नाव छापतो. दोन्ही शेजारी ठेवायचे, संपलं. क्लासच्या भिंतीवर मी मोठा नकाशा लावलाय. लाल टाचण्या आपल्या, आणि त्यांच्यात एक पिवळी आदेशची. शिफ्ट सुटली की धाटावची माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येतात. मला हल्ली सगळे 'मेजर' म्हणतात.

अनारसे महिना संपायच्या आत टपालात टाकले. आता खरं बोला.

महिपती


पेण, २६ जून १९९९

मेजरसाहेब,

तुमचे तोफेचे कागद मी कारखान्यात खिळ्याला टांगले. परवा एक हवालदार घरच्या मूर्तीची ऑर्डर द्यायला आला आणि मापं बघून टोपी काढून बसला. हे कुठून मिळालं? म्हटलं, रोह्याहून, व्याह्यांकडून. त्याने तुमचं नाव दोनदा विचारलं. शेवटी त्याची मूर्ती डोळ्यांसकट मी स्वतः करीन असा शब्द दिला तेव्हा गेला. तुमच्यापायी देशद्रोही व्हायचा राहिलो.

हो, खोटं बोललो. आदेश वर आहे. मे महिन्यात जाता जाता त्याने कारखान्यात फोन केला आणि प्रणिताला कळू द्यायचं नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. तेव्हापासून मी मोजे मोजतोय. घरात सगुणेलाही जबलपूरच सांगितलंय. तीही 'बरं' म्हणाली, पण देवापाशी वात जरा मोठी लावते.

पण एक सांगा, रिकामटेकड्या माणसाने रोह्यात बसून, पोरीने सांगितलेल्या डाळीवरून जावई शोधला. मग पलीकडे असा माणूस नसेल? त्यांच्यातही कुणी कंपनीतून रिटायर झालेला, घरात कुणाला नको झालेला व्याही असेलच की! तोही बसला असेल अशाच पेटीसमोर, एक पेपर दुसऱ्याशेजारी ठेवून. आणि तुम्ही तर त्याच्यासाठी टाचणी लावून ठेवलीय, पिवळी, लांबून दिसावी म्हणून.

आधी तो नकाशा उतरवा.

दिनानाथ


रोहा, ९ जुलै १९९९

दिनानाथराव,

नकाशा त्याच दिवशी उतरवला. टाचण्या विशालच्या बायकोला दिल्या. पलीकडच्या व्याह्याचं तुमचं ते वाक्य वाचून जेवण जाईना. मला तो माणूस दिसतो हो, चष्म्यासकट. धाटावची माणसं विचारतात, मेजर, नकाशा काढला, आपण हरलो का?

तरी पेटीसमोर बसायची सवय सुटत नाही. काल एका इंग्रजी पेपरच्या वेबसाइटवर एक फोटो सापडला. इंटरनेटवरचा फोटो वरून खाली उतरत येतो. आधी आभाळ आलं, मग डोंगर, मग चार हेल्मेटं. मी आणि विशाल श्वास धरून बसलो. नाकापर्यंत आला आणि लाइन गेली. पुन्हा जोडली, पुन्हा आभाळापासून सुरुवात. तिसऱ्या खेपेला पुरता उतरला. चार जवान आणि त्यांच्यापुढे दगडावर मातीचा गणपती. खाली लिहिलंय, द्रासकडच्या एका ठाण्यावर जवानांनी संकष्टीला गणपती बसवला. नावं दिलेली नाहीत.

आदेश त्यात आहे का ते मला ठरवता येईना. एकाने तोंड फिरवलंय, तो कानावरून तुमच्या घरचा वाटतो. दोघांना दाढ्या आल्यात. उरलेला एक पोरगा बोटं काळी करून दात काढून हसतोय, तो काही आपला नव्हे. प्रिंट पाठवतोय. तुम्ही बाप आहात, तुम्हीच बघा.

महिपती


पेण, १४ जुलै १९९९

महिपतराव,

कान आमच्या घरचा नाही. आदेश त्या चौघांत नाही.

मी माणसं नंतर बघितली, आधी गणपती बघितला. जन्माची खोड. तो गणपती आदेशने केलाय. पोटावरच्या नागाची गाठ डावीकडे आहे. सगळं पेण ती उजवीकडे देतं, हा एकटा डावीकडे देतो. लहानपणापासून ओरडून थकलो, कितीदा मोडून उजवीकडे केली. सोंडेचा वळसाही त्याचाच. मला इतका आनंद झाला की मी कारागिरांना चहा सांगितला.

मग डोळे बघितले. एक मोठा, एक बारीक, आणि दोन्ही बुबुळं दोन दिशांना. ज्याने कुणी काढले तो गाढव आहे. त्याला साधं म्हशीचं चित्र काढता येणार नाही.

महिपतराव, आमच्या कारखान्यात एक नियम आहे. मूर्ती ज्याने घडवली, डोळे त्यानेच काढायचे. हा नियम मीच घातलाय. आदेश आठ वर्षांचा असताना त्याच्या मूर्तीला मी डोळे काढले, तर पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तो आपल्या मूर्तीला दुसऱ्याचं बोट लागू देणार नाही. आणि इथे अंग त्याचं, डोळे भलत्याचेच. म्हणजे माती लिंपून झाल्यावर आणि डोळे काढायच्या आधी तो तिथून गेलाय. स्वतःहून गेला नसणार. मग कसा गेला?

मी घरात काही बोललेलो नाही. तुमच्या त्या पेटीत बघा. गेलेल्यांची नावं छापतात तिथे बघा. मला बघवणार नाही. मला फार भीती वाटतेय. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला लिहितो.

दिनानाथ


रोहा, १९ जुलै १९९९

दिनानाथराव,

आधी हे वाचा: आदेश जिवंत आहे. आता बसा आणि पुढचं वाचा.

तुमचं पत्र आल्यापासून मी रोज नावं वाचत होतो. एकेक नाव खाली सरकायचं आणि मी डोळे मिटून घ्यायचो. विशालने मग स्वतः वाचायला घेतलं. आदेशचं नाव कुठे नव्हतं, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. आज सकाळी प्रणिताने मला पकडलं. "बाबा, तुम्ही जेवत नाही, आईला वाटतं तुम्हाला साखर झाली. काय लपवताय?" मी सटकायला उठलो. माझ्याकडची दुसरी प्रिंट खिशातून डोकावत होती, ती तिने ओढून काढली, बघितली आणि म्हणाली, "हा होय, आदेशचा गणपती. डोळे बघा कसे काढलेत!"

मी म्हटलं, तुला कसं ठाऊक?

तो वर आहे हे तिला मे महिन्यापासून ठाऊक. तुमच्याकडून वचन घेतलं आणि संध्याकाळी स्वतःच तिला सांगून टाकलं. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलातून त्याचा फोनही आला होता. म्हटलं, अगं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "तुम्ही विचारलंत कुठे? आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भिंतीवर लावलं असतं." इंटरनेट, बॉयलर, तक्ते, टाचण्या सगळं फुकट. बातमी माझ्या बैठकीच्या खोलीत पाय पसरून बसली होती.

झालं ते असं. विमलचे अनारसे अर्धा जून टपालात भिजून, बुरशी धरून वर पोचले. आदेश शेजारच्या पोराला म्हणाला, घे. हा अमोल, आपल्या कासूचा. तो म्हणाला, "तुझं वाण तू खा. माझी सासू पाठवील तेव्हा मी खाईन." त्याचं लग्न व्हायचंय अजून. मग सासूचा मान राखायला आपल्या शहाण्याने एकट्याने अर्धा डबा संपवला. रात्रीत पोट असं सुटलं की अंगात पाणी उरलं नाही. दुसऱ्या दिवशी चौघांनी उचलून खाली आणला. गणपती आंधळाच राहिला होता. संकष्टी चुकू नये म्हणून अमोलने स्टोव्हच्या काजळीत बोट बुडवून डोळे काढले. दात काढून हसणारा तो हाच. तुम्ही ज्याला गाढव म्हणालात तोही हाच.

प्रणिताने हॉस्पिटलचं का लपवलं ते कळलं ना? आईला वाईट वाटेल म्हणून. तेव्हा विमलसमोर अनारशांचं नाव काढू नका.

महिपती


पेण, २३ जुलै १९९९

महिपतराव,

एखाद्याच्या हगवणीची बातमी वाचून पेढे वाटणारा बाप पेणच्या इतिहासात मीच पहिला. लोक विचारतात कशाचे? म्हटलं, व्याह्यांकडून शुभवार्ता आहे. सगुणा रडली, मग हसली, मग माझ्यावर दिवसभर चिडली. तिलाही जबलपूर कधीच खरं वाटलं नव्हतं. आपण दोघं कुणापासून लपवत होतो तेच मला कळेना.

विहीणबाईंच्या अनारशांबद्दल जे बोललो ते सगळं मागे घेतो. दाढसुद्धा त्यांना दिली.

आणि त्या अमोलला निरोप धाडा. सुट्टीवर आला की आधी कारखान्यात यायचं. कासू पेणचं पुढचंच स्टेशन, सबब चालणार नाही. कान धरून बसवतो आणि डोळे काढायला शिकवतो. शिवाय सगुणेच्या बघण्यात वडखळची एक मुलगी आहे त्याच्यासाठी. मुलीच्या आईला अनारसे येतात का, तेवढं आधी विचारून घेऊ.

दिनानाथ


रोहा, २ ऑगस्ट १९९९

दिनानाथराव,

तुमचा निरोप धाडता आला नाही. अमोल गेला. लढाई संपता संपता गेला. आदेशला डॉक्टरांनी अजून वर सोडलं नव्हतं, तो वर असता तर त्याच तुकडीत असता.

परवा त्याला कासूला आणलं. मी गेलो होतो. खाडीच्या बांधावर माणूस मावत नव्हता. त्याची आई चंद्रावतीबाई मिठागरावर कामाला जातात. घरात त्याचा वर्दीतला एकही फोटो नाही. शाळेतल्या वर्गाच्या फोटोतून त्याचा चेहरा मोठा करून हार घातला होता, त्यात तो दहा-अकरा वर्षांचा असेल. मी माझ्याकडची प्रिंट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "हसतोय बग कसा मेला." इतका वेळ कोरड्या होत्या, त्यानंतर रडल्या.

दिनानाथराव, आपण दोघांनी त्या फोटोत नुसता आदेश शोधला. तो पोरगा समोर बसून आपल्याकडे बघून हसत होता आणि 'हा काही आपला नव्हे' असं मी लिहून मोकळा झालो. मला त्याची लाज वाटते.

आदेशचा फोन आला होता. एवढंच म्हणाला की अमोलने एक तरी अनारसा खायला पाहिजे होता.

महिपती


पेण, १२ सप्टेंबर १९९९

महिपतराव,

नातीचं बारसं छान केलंत. भूमिका नाव मला पसंत आहे. नाक आमच्या घरचं आहे, आवाज मात्र विहीणबाईंचा. मंडळाचा गणपती तोफेसकट तिकडे पोचला असेल. पँट घातलेली नाही, तक्रार आली तर तुम्ही निस्तरा.

आदेश सुट्टीवर आल्यापासून कारखान्यातच असतो. वाळलाय, बोलतो कमी. कासूहून निरोप आला होता की यंदा सण नाय, पण गणपती आणायचा, अमोल दरवर्षी आणायचा तसा. ती मूर्ती आदेशने केली. नागाची गाठ डावीकडे दिली, मी बघितली आणि मोडली नाही. डोळ्यांपाशी मात्र तो अडला. कुंचला माझ्या हातात देऊन म्हणाला, "आबा, माझ्याच्याने नाही व्हायचं."

नियम मीच घातला होता, मीच मोडला. तुमची प्रिंट समोर लावून बसलो. पण कुंचला धरला की हात सरळच जातो हो. काढले, सुबक आले, पुसले. पुन्हा काढले, पुन्हा सुबक. एवढ्या वर्षांत चांगले डोळे काढल्याचा असा राग कधी आला नव्हता. त्या पोराला गाढव म्हणालो होतो आणि त्याच्यासारखे दोन डोळे मला येईनात. शेवटी कुंचला ठेवला, कंदिलाची काच काढून काजळीत बोट बुडवलं आणि मूर्तीकडे फार न बघता काढून टाकले.

आज सकाळी चंद्रावतीबाई आल्या. मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. कारागिरांनी हात थांबवले. बराच वेळ बघून म्हणाल्या, "एक डोला मोठा झालाय, दादा."

मी म्हटलं, "व्हय."

"ऱ्हाऊं दे," म्हणाल्या.

मग त्यांनी पदर ओढून मूर्तीचं तोंड झाकलं. आदेशने पाट डोक्यावर घेतला आणि दोघं स्टेशनच्या रस्त्याला लागली.

दिनानाथ